हळदीचा पुरावा

सावंतवाडीकडे विळीवर बोट कापले, की घरातले कोणीतरी धावत येऊन जखमेवर हळद दाबते. हे इतके रोजचे, की ते लिहून ठेवावे असे आपल्याला वाटतच नाही. मार्च १९९५ मध्ये मात्र अमेरिकेत याच उपयोगाचे पेटंट दिले गेले! पेटंट नव्या शोधालाच मिळते. म्हणून ते रद्द करवायला उपाय जुना असल्याचा लेखी पुरावा हवा होता. शेजारच्या गोव्यात, माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ३२ संदर्भ मांडले. त्यांत १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून अशा पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभा राहिला. पेटंटचे परीक्षक आता तो पाहू शकतात.

यातून सिद्ध काय झाले? हळदीचा वापर जुना आहे, एवढेच. ती किती गुणकारी, हे प्रयोगच सांगतील. खोल जखमेला तर दवाखानाच गाठावा. धनुर्वात हळदीने टळत नाही. विद्यार्थ्यांकडून घरगुती औषधांची वही करून घेताना आपण दोन रकाने ठेवू : ‘कुणी सांगितले?’ आणि ‘कुणी तपासले?’