तोफ नसलेले बुरूज

स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस बेट आहे. तिथल्या स्टॉर्नोवे बंदरासमोर, झाडीने भरलेल्या उतारावर ‘लूज कॅसल’ उभा आहे. बुरूज आहेत, चर्या आहेत, मनोरा आहे. पण खालच्याच मजल्याला प्रशस्त खिडक्या आहेत. सिंधुदुर्गाच्या तटावर चढून ज्याने जंग्यांतून बाहेर डोकावले आहे, त्याला पहिल्या नजरेत कळेल, की इथे शत्रूची वाट कुणीच पाहत नव्हते. किल्ल्याचा वेश घेतलेल्या अशा घरांचा हा अभ्यास आहे. तट वाचायची सवय मराठी वाचकाला आधीपासूनच आहे, म्हणून या विषयात त्याचे मनापासून स्वागत.

हा वेश कुठून आला? वॉल्टर स्कॉटने १८१७ ते १८२४ या काळात ॲबट्सफर्डचे घर वाढवत नेले आणि जुन्या स्कॉटलंडची ओढ दगडात उतरवली. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या बाल्मोरलने तिला राजमान्यता दिली. लूज कॅसल बाल्मोरलच्या थोडा आधी आखला गेला. ग्लासगोचा वास्तुविशारद चार्ल्स विल्सन याने त्याला इंग्लंडच्या ट्यूडर वाड्यांचे वळण दिले. स्कॉटिश मनोरा-घरांचे नव्हे. अशा घरांना नक्कल म्हणून बाजूला सारण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. मालकाला काय दिसायला हवे होते आणि काय झाकायचे होते, हे नक्कलच अधिक स्पष्ट सांगते.

इथला मालक जेम्स मॅथेसन. १८३२ साली कँटनमध्ये सुरू झालेल्या जार्डिन-मॅथेसन पेढीचा तो भागीदार. पेढीची मोठी कमाई चीनमध्ये विकलेल्या अफूची होती, आणि त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढत असे. मुंबईत या पेढीचे काम पाहणाऱ्यांत अग्रणी होते जमशेटजी जीजीभाई. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, तेच हे. अफूच्या एकाच व्यापाराचा पैसा मुंबईत कलाशाळेला लागला आणि अटलांटिकच्या काठी चर्या-बुरुजांना. वास्तूचा इतिहास लिहिताना खाणीइतकाच बंदराचाही शोध घ्यावा लागतो, तो यासाठी.

१८४४ मध्ये मॅथेसनने अख्खे बेट विकत घेतले. दोनच वर्षांनी बटाट्याचे पीक करपले. त्याने धान्य आणवले, कामे काढली. आणि १८५१ पासूनच्या काही वर्षांत बेटावरची दोन हजारांहून अधिक माणसे कॅनडाला रवानाही केली. याच काळात वाड्याभोवतीच्या बागेसाठी मुख्य भूमीवरून माती येत होती, कारण पीटच्या जमिनीत हवी ती झाडे तग धरेनात. मातीची ही आयात मला साऱ्या बुरुजांपेक्षा बोलकी वाटते. म्हणूनच पुढील प्रकरणांत दर्शनी भागाच्या आराखड्याशेजारी जमीन आणि खंड यांचीही चर्चा आहे.

अभ्यासाला कुठून सुरुवात करावी? माझे मत विचाराल तर नोकरांच्या जिन्यापासून. रॉबर्ट कर याने १८६४ च्या आपल्या ग्रंथात सांगितले होते, की घरच्या मंडळींची आणि नोकरांची ये-जा वेगळी असावी. कोणत्याही वाड्याचा नकाशा घ्या आणि कोळसा, गरम पाणी, जेवणाची ताटे कोणत्या वाटेने वर जात असतील, ते पेन्सिलीने आखा. बुरुजाकडे त्यानंतर वळा.