घराचा जिना : पायऱ्या एकसारख्या, तरच चढण सुखाची

बाळापूर : वऱ्हाडातील जुन्या वाड्यांत माळ्यावर जाणारा जिना बहुधा अरुंद आणि चढा असे. माळा धान्याचा व अडगळीचा असल्याने मोजक्याच खेपा होत. आता वरच्या मजल्यावर झोपण्याच्या खोल्या असतात आणि उन्हाळ्यात पापड-सांडग्यांची वाळवणे दोन्ही हातांत घेऊन गच्ची गाठावी लागते. तरीही घर बांधताना जिन्याच्या वाट्याला उरलेली जागाच येते. त्याचा पहिला फटका घरातील वृद्धांना व लहान मुलांना बसतो.

मापांचे गणित

पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल ठेवण्याची रुंदी, ही बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटर असावी, असा संकेत आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँडेल यांच्या सूत्रावर तो आधारलेला आहे. २००५ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत निवासी इमारतींसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९ आणि रुंदी कमीत कमी २५ सेंटिमीटर दिली होती. मात्र ही मर्यादा झाली. वृद्धांना १५ ते १७ सेंटिमीटर उंची आणि २८ सेंटिमीटर रुंदी सोयीची पडते.

मजल्याची एकूण उंची १० फूट, म्हणजे सुमारे ३०५ सेंटिमीटर धरल्यास १८ चढ पडतात व प्रत्येक चढ १७ सेंटिमीटरचा येतो. नऊ-नऊ चढांचे दोन भाग करून मध्ये एक मीटरचे लँडिंग ठेवले, तर जिन्याला सव्वातीन मीटर लांबी आणि दोन मीटरहून थोडी अधिक रुंदी पुरते. वळणावर त्रिकोणी पायऱ्या टाळाव्यात. त्यांच्या निमुळत्या टोकाला पाऊल पुरेसे टेकत नाही.

फरशीमुळे होणारी चूक

पहिल्या दोन पायऱ्यांतच पायांना उंचीचा अंदाज येतो. पुढची पायरी वेगळी निघाली की तोल जातो. अनेकदा गवंडी काँक्रीटच्या पायऱ्या सारख्या ओततो आणि फरशी नंतर बसते. समजा, दोन्ही मजल्यांवर फरशीचा थर सात आणि पायऱ्यांवर तीन सेंटिमीटर पडला, तर १७ सेंटिमीटरचा पहिला चढ १३ आणि शेवटचा २१ सेंटिमीटरचा होतो. म्हणून सेंट्रिंग लावण्यापूर्वीच दोन्ही मजल्यांच्या तयार फरशीची पातळी भिंतीवर आखून घ्यावी. चढांमधील फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असावा.

बाहेरच्या पायऱ्यांना वेगळा धोका आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर ठेवलेल्या पायऱ्या त्यामुळे जोत्यापासून सुटतात व कलतात. खालची काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा आणि पायऱ्यांचा पाया जोत्याशी जोडून घ्यावा.

हेही पाहावे

• कठडा सुमारे ९० ते १०० सेंटिमीटर उंच व हाताच्या पकडीत येणारा असावा. गजांमधील अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावे.
• गुळगुळीत ग्रॅनाइट टाळावा. पायरीच्या कडेला खाचा पाडून घ्याव्यात.
• दिव्याचे बटण जिन्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे असावे.
• जिन्याखालून जाण्याची वाट असल्यास डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची ठेवावी.

नकाशा मंजुरीला देण्यापूर्वी राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतील मापे नगर परिषदेत तपासून घ्यावीत. एकदा ओतलेला जिना दुरुस्त करणे जिकिरीचे आणि खर्चाचे असते. कागदावर मात्र त्याचा एक चढ वाढवायला काहीच लागत नाही.