बांधावरचा चहा

मोजणीदाराच्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या एका शिवारात, आमच्या निमतानदारांनी, म्हणजे फेरमोजणी करणाऱ्या वरिष्ठांनी, मला दोन गोष्टी बजावल्या. सकाळी साखळी उलगडली की आधी ती मापून बघायची. आणि अर्जदाराच्या घरी चहा प्यायचा नाही.

साखळीचं कारण हिशेबाचं होतं. आमची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. कड्या झिजून साखळी इंचभर वाढली, तर 20 साखळ्यांनंतरची खूण 20 इंच पुढं सरकते. इकडं तेवढ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. चहाचं कारण मात्र कळायला वर्षं गेली.

मोजणीदार येण्याआधी शीव ठरायची ती माणसाच्या चालण्यावर. दोन गावांत तंटा पडला की महार वतनदार डोक्यावर माती किंवा कातडं घेऊन निघायचा. तो चालेल ती हद्द. खोटं चालला तर वंश बुडेल, ही धास्ती त्याच्या माथी. ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच्याच शपथेवर गावाची शीव उभी होती. जोखीम त्याची, जमीन दुसऱ्यांची.

पुढं हे काम कागदावर आलं. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. दफ्तर उर्दूत, सालं फसली. महसुलाचा कायदाही 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा. पोलीस ॲक्शननंतर 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि 1954-55 ला खासरा पाहणी पत्रक झालं. आजही वाद लागला की आम्ही त्या पत्रकापर्यंत मागं जातो. सर्व्हे नंबरांची जुनी नोंदवही, सेतवार, निघाली तर उर्दू वाचणारा म्हातारा गाठावा लागे, आणि तो वाचेल त्यावर दोन घरं श्वास रोखून बसत. मग जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि भांडणांना नवे आकडे मिळाले.

शपथेची जागा भूमी अभिलेख खात्यानं तपासणीला दिली. लगतच्या खातेदारांना नोटीस, जबाब, पंचनामा. माझी मोजणी पटली नाही तर निमताना, तीही पटली नाही तर सुपर निमताना. चुकलो तर चौकशी होणार, पगार अडणार, हे मला ठाऊक असे. आणि शेतकऱ्यालाही ठाऊक असे.

2025 मध्ये राज्यानं परवानाधारक खासगी भूमापकांना वाट करून दिली. मोजणी त्यांनी करायची, प्रमाणित खात्यानं करायची. शेजारच्या कर्नाटकात असे परवानाधारक आधीपासून आहेत. अर्जांचे ढीग मी पाहिलेत, त्यामुळं माणसं वाढायला माझी ना नाही. साखळीच्या जागी आलेल्या रोव्हर यंत्राला झिजायला कडीही नाही. पण मी मोजायला जायचो तेव्हा माझा पगार अर्जदाराकडून येत नसे. परवानाधारकाच्या नियमांत शिक्षण, अनुभव, यंत्र हे सगळं येईलच. शेजारच्या खातेदारानं तक्रार केली तर परवाना कोण, किती दिवसांत रोखणार, हे त्याहून ठळक अक्षरांत हवं.

मोजणी संपून पंचनाम्यावर सह्या झाल्या की बांधावर चहा यायचा. दोन्ही घरांतून आला तर मी घ्यायचो. एकाच घरातून आला तर बाटलीतलं पाणी प्यायचो आणि साखळी गोळा करायला लागायचो.