ओठ शिवण्यापूर्वी

ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तर मुलाचा ओठ चिरलेला निघतो, हे आपण सर्वांनीच घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेले आहे. मी इतिहासाचा माणूस, वैद्य नव्हे. पण या समजुतीपायी किती आयांच्या माथी फुकटचा दोष आला, त्याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडायची नाही.

सुश्रुतसंहितेत मात्र ग्रहण नाही, उपाय आहे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नाक जोडण्याची रीत सांगून झाल्यावर, ओठही तसाच जोडावा, नळ्या तेवढ्या घालू नयेत, असे थोडक्यात सांगितले आहे. पण फट रुंद असली की ताणाने टाके उसवतात. तेव्हा आधी फट लहान करावी, मग शिवावे, हा विचार पुढे आला. इ. स. १६८६ मध्ये हॉफमनने बाळाच्या डोक्याला टोपी घालून तिच्या पट्ट्यांनी गाल पुढे ओढून धरले. १७९० च्या सुमारास फ्रान्सच्या देसोने पुढे आलेला जबड्याचा भाग पट्टी आवळून मागे दाबला. बिचाऱ्या बाळांचे काय होत असेल!

१९५० मध्ये ग्लासगोचे दंतवैद्य मॅकनील यांनी टाळूला बसणारी पट्टी काढली. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रेसन यांनी तिला नाकपुडी उचलणारा काटा जोडला. बाळाच्या टाळूचा साचा घ्यायचा, त्यावरून छोटी कवळी करायची, आणि दर आठवड्याला ती थोडी घासून, थोडी भरून हिरड्या जवळ आणायच्या. पहिले काही आठवडे नाकाची कूर्चा मऊ असते, म्हणून घाई. ओठाची शस्त्रक्रिया तीनचार महिन्यांनी, टाळूची त्यानंतर. हा फायदा मोठेपणी कितपत टिकतो, यावर डॉक्टरांत एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात लोणीला दंत महाविद्यालय आहे. पण जामखेडहून लोणी शंभराहून अधिक किलोमीटर, आणि खेप दर आठवड्याची. पाथर्डीकडचे ऊसतोडणीचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास घर सोडते ते उन्हाळ्यातच परतते. कोपीवर जन्मलेल्या बाळाची कवळी कोण घासून देणार? कवळीवाचून शस्त्रक्रिया अडत नाही, एवढे खरे. काही ठिकाणी डॉक्टर नुसती चिकटपट्टी एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत ओठावरून लावायला आईलाच शिकवतात. हॉफमनच्या टोपीची ही मवाळ नात म्हणायची. ती मात्र कोपीवरही लावता येते.