न मागितलेली पोस्ट येते कुठून?

समजा, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेची छायाचित्रे विद्यार्थ्यांनी इन्स्टाग्रामवर टाकली. ती पाहायला गुरुजींनी फोन उघडला. आधी अनोळखी माणसाचा नाच, मग कुणाचे तरी भांडण. वैनगंगेचा काठ काही दिसेना. हे आले कुठून?

पूर्वी असे नव्हते. २०१० साली इन्स्टाग्राम सुरू झाले, तेव्हा मुख्य पानावर आपण निवडलेल्यांच्याच पोस्ट दिसत. ताजी सर्वांत वर. २०१६ मध्ये हा क्रम आपल्या आवडीच्या अंदाजाने लागू लागला.

कल्पना जुनीच. १९९४ च्या ग्रूपलेन्स प्रयोगात वाचक लेखांना गुण देत. ज्यांचे गुण जुळत, त्यांतील एकाच्या गुणांवरून दुसऱ्याची आवड ताडली जाई. तिथे वाचक आपली आवड स्वतः सांगत असे. आता आपण कुठे किती थांबलो, हे यंत्रच मोजते. आपण आवडीने थांबलो की रागाने, हे त्याला नीट कळत नाही. चिडून लिहिलेली प्रतिक्रियाही 'रस' म्हणून जमा होऊ शकते!

२०२० पासून अनोळखी लोकांच्या पोस्टही सुचवल्या जाऊ लागल्या. मार्च २०२२ मध्ये वेळेच्या क्रमाची सोय पर्याय म्हणून परत आली. सुचवण्यांचा भडिमार मात्र वाढतच गेला. लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा जुलैमध्ये कंपनीने त्या काही काळ कमी केल्या. म्हणजे सांगितले तर फरक पडतो. नको त्या पोस्टवर वाद न घालता 'रस नाही' हा पर्याय दाबावा.

विद्यार्थ्यांसह करून पाहा : पहिल्या २० पोस्टपैकी आपण निवडलेल्यांच्या किती, सुचवलेल्या किती? 'रस नाही' सांगत राहा आणि आठवड्याने पुन्हा मोजा.