ते पिपाणीवालं कोण?

१९५३ चा जानेवारी. महामायेच्या देवळातली आरती आटोपली आहे आणि तुम्ही रायपूरच्या पुरानी बस्तीत एका मराठी घरी बसला आहात. राज्याची राजधानी तेव्हा नागपूर, त्यामुळे इथे मराठी कानावर पडली तर नवल नाही. काका रेडिओ लावतात. व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसती घरघर, मग काटा शॉर्ट वेव्हवर सरकतो. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी मिळायची नाहीत. नभोवाणी मंत्री केसकरांनी ती जवळपास हद्दपार केली आहेत. केसकर मराठी, हे काका जरा पडेल आवाजात सांगतात.

"रेडिओ सिलोन लागलं!"

'अलबेला' सिनेमाचं गाणं. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजेच चितळकर, नागपुरात गाणं शिकलेले, म्हणून काकांची मान ताठ. काकू मात्र स्वयंपाकघरातून विचारतात, "अहो, ते पिपाणीवालं कोण वाजवतंय?"

निवेदकाने गायक सांगितले, गीतकार सांगितला, संगीतकार सांगितला. पिपाणीवाला राहिला.

चला मुंबईला, दोन वर्षं मागे. ट्रंपेट ओठांना लावून उभा आहे अंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे, गोवा. सगळे त्याला चिक चॉकलेट म्हणतात. भारताचा लुई आर्मस्ट्राँगही म्हणतात. ताजमहाल हॉटेलात त्याचा स्वतःचा बँड. पण दारूबंदीने हॉटेलांतल्या रात्री कोरड्या पडल्यात आणि जाझवाले सिनेमाच्या स्टुडिओकडे वळलेत. इथली रीत बघून घ्या: संगीतकार चाल गुणगुणतो, गोवेकर ती पाश्चात्य स्वरलिपीत कागदावर उतरवतो, वाद्यांची वाटणी होते आणि मग ते 'गाणं' होतं. चिक चितळकरांचा सहायक. माझ्या मते 'अलबेला'चा निम्मा नाच नायक भगवानदादांच्या पायांत असेल, तर उरलेला या ट्रंपेटमध्ये आहे. त्याच वर्षी 'नादान' सिनेमाला चिकने स्वतंत्र संगीतही दिलं, पण तो संगीतकार म्हणून फार चालला नाही.

रेडिओवर वाजवणारा दिसत नाही; काकूंना घरबसल्या उत्तर द्यायला दूरदर्शन हवं होतं. चिक मे १९६७ मध्ये गेला. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. रायपूर जिल्ह्यातल्या गावांत १९७५ साली उपग्रहावरून चित्र उतरलं, तेही प्रामुख्याने शेती, आरोग्य आणि शिक्षणाचं.

तुमच्या खिशात मात्र आज मोबाइल आहे. 'अलबेला'तलं 'दीवाना ये परवाना' लावा आणि नायक-नायिकेवरून नजर जरा बाजूला घ्या. झालरीचे शर्ट घातलेला बँड दिसेल. त्यातला ट्रंपेटवाला चिक.