तलावाचं पाणी धरून ठेवणारा एका रेणूचा थर

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास गेला की कूलरची टाकी रोज भरावी लागते. अंबाझरी, गोरेवाडा तलावांतलं पाणीही असंच रोज उडत असतं, फक्त त्याचा हिशोब आपल्याला दिसत नाही. यावर एक जुना उपाय आहे: सेटिल अल्कोहोल.

दारूशी याचा संबंध नाही. हा मेणासारखा पांढरा पदार्थ आहे. घरातल्या क्रीमच्या डबीवर घटकांची यादी वाचा, बऱ्याचदा सापडतो. त्याच्या रेणूला डोकं आणि शेपूट असतं. डोक्याला पाणी आवडतं. १६ कार्बनच्या शेपटीला पाण्याचा तिटकारा. पाण्यावर टाकलं की हे रेणू पसरतात आणि डोकं पाण्यात, शेपूट हवेत अशी जागा धरतात. गर्दी वाढली की शेपट्या एकमेकींना ओढून घेतात आणि सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात, मारबतीच्या मिरवणुकीत राहतात तसे. या दाटीतून पाण्याच्या रेणूंना निसटणं अवघड जातं.

याला म्हणतात सेल्फ-असेंब्ली. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक कामावर एक कंट्रोलर बसवतो. इथे तसा कोणी नाही, सगळ्या सूचना रेणूच्या घडणीतच आहेत. मला हे भारी वाटतं.

आता आकडे बघा. दाटीत एका रेणूला साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा लागते. त्यावरून एका चौरस मीटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे एका हेक्टरला अवघे २० ग्रॅम! थराची जाडी फक्त २ नॅनोमीटरच्या आसपास.

मग सगळ्या तलावांवर हे का टाकत नाहीत? कारण वारा. तो थराला ढकलत एका काठाला नेतो, लाटा तो फाडतात, उरलेलं जिवाणू खातात. म्हणून २० ग्रॅमचा हिशोब कागदावरच राहतो, पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं बाष्पीभवन रोखणाऱ्या अशा रसायनांवर काम केलंय. माझ्या मते मोठ्या धरणापेक्षा आडोशाच्या लहान तळ्यात याचा निभाव जास्त लागेल.

असाच पातळ थर तुमच्या फोनच्या काचेवरही असतो. २००९ च्या आयफोन ३जीएसवर तो आला, आता बऱ्याच फोनवर असतो. इथे रेणूचं एक टोक काचेला रासायनिक बंधानं पक्कं जोडलेलं असतं, तर फ्लोरीन असलेला भाग बाहेर, त्यामुळे बोटांचं तेल सहज पुसलं जातं. हा थर वाऱ्यानं हलत नाही, पण याला दुसरी अडचण आहे. तळ्यावरचे रेणू मोकळे असल्यानं छोटं भोक पडलं तर सरकून ते बुजवतात. काचेवरचे जागेला बांधलेले, घासून गेले की गेले. टूथपेस्ट किंवा खरखरीत कापडानं स्क्रीन घासू नका. थर शिल्लक आहे का बघायचंय? स्क्रीनवर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवा. टपोरा, गोल राहिला तर आहे. पसरून चपटा झाला तर बराचसा झिजलाय.